फँटसी कम्युनिटीत मॉडरेटर व्हायचंय? सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने माहिती

जादूगार, ड्रॅगन, बुडालेली राज्यं, पिढ्यानपिढ्यांची वैरं. या कथांच्या वेडापायी आपण एखाद्या मोठ्या ऑनलाइन कम्युनिटीत शिरतो आणि काही महिन्यांनी तिथे घोषणा दिसते: 'मॉडरेटर हवेत, अर्ज करा.' मॉडरेटर, थोडक्यात मॉड, म्हणजे ग्रुपमध्ये नियम पाळले जातात की नाही ते बघणारा. मग प्रश्न सुरू होतात. इंग्रजी जमेल का? वेळ किती जाईल? अंगाशी काही आलं तर? मी सोलापुरात राहून, दिवसाची नोकरी सांभाळून बरीच वर्षं हे काम करतेय. इथली कॉलेजची मुलं-मुली मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

पैशांचं आधी सांगते. हे काम विनामोबदला असतं. फॅनफिक्शनचा, म्हणजे चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांचा, 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हा प्रचंड संग्रह 2009 पासून स्वयंसेवकांच्या जिवावर उभा आहे आणि 2019 मध्ये त्याला विज्ञानकथा-फँटसीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे हजारो कथांचे टॅग जुळवण्याचं कामसुद्धा माणसं आपापल्या घरी बसून, फुकट करतात. त्यामुळे कोणी 'मॉडरेटरची नोकरी देतो, नोंदणी फी भरा' म्हणालं, तर ती फसवणूकच आहे.

खालची बरीचशी माहिती डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप डोळ्यांसमोर ठेवून दिलीय, कारण मोठे फॅन-ग्रुप बहुतेक तिथेच असतात. तिथे ग्रुपला 'सर्व्हर' म्हणतात आणि त्यातल्या विषयवार खोल्यांना 'चॅनल'. टेलिग्राम किंवा रेडिटवर बटणं वेगळी, काम तेच.

1. कोणतं काम करायचं ते आधी ठरवा

'कम्युनिटी चालवणं' म्हटलं की लोकांना फक्त बॅन करणारा ॲडमिन दिसतो. प्रत्यक्षात कामं बरीच असतात. नव्या सदस्यांचं स्वागत आणि शंका, सामूहिक वाचन आणि क्विझ, फॅनआर्ट स्पर्धा, विकी (कथेचा सगळ्यांनी मिळून केलेला माहितीकोश) लिहिणं, वंशावळी आणि नकाशे नीट ठेवणं, बॉट (आपोआप कामं करणारे प्रोग्राम) सांभाळणं. वाद झाला की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी मॉडरेशनच्या मागे लागू नये. विकीला किंवा वाचन-गटाला माणसं नेहमीच कमी पडतात आणि तिथे तुमचं कथेचं ज्ञान खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. मॉडरेशनमध्ये त्या ज्ञानापेक्षा संयम जास्त लागतो.

2. आपलं घड्याळ ही आपली ताकद

सोलापुरात बसून अमेरिकेतल्या कम्युनिटीला आपला काय उपयोग, असं वाटत असेल तर हा हिशेब पाहा. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे 1 ते सकाळचे 7 म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी 10:30 ते दुपारी 4:30. हिवाळ्यात तेच तास 11:30 ते 5:30 होतात. तिकडची टीम झोपलेली असते, स्पॅमवाले मात्र जागे असतात. भारतातला माणूस टीममध्ये हवा असतो तो यासाठीच. अर्जात तुमचे तास स्पष्ट लिहा, त्यावर बरंच ठरतं.

एक सापळा: अमेरिकेची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, आपली बदलत नाहीत. पाळीचं वेळापत्रक यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, मागून घ्या. डिस्कॉर्डवर वेळेचा असा कोड टाकता येतो की वाचणाऱ्याला आपापल्या देशाची वेळ दिसते. घोषणांसाठी तोच वापरा.

आणखी एक, रात्री जागून पाळी करायचं कबूल करू नका. पहिले दोन आठवडे उत्साहात निघतात, नंतर कॉलेज आणि झोप दोन्ही जातं.

3. हाताशी काय काय हवं

- मॉडरेशनसाठी वेगळा ईमेल. बँकेचा, कॉलेजचा किंवा आईबाबांचा नको.
- टू-फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा कोडही लागणारं. बऱ्याच सर्व्हरवर ते नसेल तर मॉडची बटणंच चालत नाहीत. बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोन हरवला की तेच वाचवतात.
- शक्य असेल तर लॅपटॉप. फोनवर काम होतं, पण एकाच वेळी चार चॅनल आणि नोंदवही पाहणं कठीण जातं.
- मे महिन्यासाठी पॉवर बँक आणि दुसऱ्या कंपनीचं सिम. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.
- पाच-सहा तयार उत्तरं: स्वागत, स्पॉयलरची (कथेत पुढे काय होतं ते आधीच फोडण्याची) ताकीद, विषयांतर, पीडीएफ मागणाऱ्याला नकार. ती आधीच शांत डोक्याने लिहून ठेवा.
- वयाची अट. डिस्कॉर्ड 13 वर्षांपासून वापरता येतं, पण मोठ्या कम्युनिटी मॉडसाठी बहुधा 18 पूर्ण मागतात. खोटं वय सांगू नका.

ओळखपत्र कोणालाही पाठवायचं नाही. वयाचा पुरावा म्हणून आधारचा फोटो मागणारी टीम असेल तर तिथे थांबू नका. उद्या तुम्ही मॉड झालात तर तुम्हीही कोणाकडून मागू नका.

4. अर्ज

अर्ज करण्याआधी काही महिने साधे सदस्य म्हणून नियमित वावरा. टीम तुमचे जुने मेसेज वाचते. 'मी सगळी पुस्तकं पाच वेळा वाचलीत' हे जवळपास प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी तुम्ही एखाद्या नवख्याला कशी मदत केलीत, एखाद्या वादात काय बोललात, ते लिहा.

अर्जात हमखास प्रसंग देतात: 'तुमच्या मित्राने नियम मोडला तर काय कराल?' अपेक्षित उत्तर असं की, मी स्वतः निर्णय घेणार नाही, नोंद करून दुसऱ्या मॉडकडे देईन. आणि हे नुसतं अर्जापुरतं नको, खरंच तसं वागायचं असतं.

इंग्रजीची भीती सोडा. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. मोठ्या कम्युनिटीत अर्ध्याहून जास्त लोकांची मातृभाषा इंग्रजी नसणं ही रोजची गोष्ट आहे.

5. पहिले काही आठवडे हात मागे ठेवा

मॉडचा रोल (सर्व्हरवरचे अधिकार) मिळाला, नावाला रंग आला की काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. करू नका. आधी टीमचा जुना कारवाई-लॉग वाचा. नियमात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय चालवून घेतात यातला फरक तिथेच कळतो. मग साधनं शिका:

- स्लो मोड: दोन मेसेजमध्ये किती वेळ जायला हवा ते ठरतं, 5 सेकंदांपासून 6 तासांपर्यंत.
- टाइमआउट: सदस्य वाचू शकतो, लिहू शकत नाही. मेनूत 60 सेकंदांपासून एक आठवड्यापर्यंत पर्याय आहेत.
- किक: माणूस बाहेर जातो, पण परत येऊ शकतो.
- बॅन: परत येता येत नाही. बॅन करताना मागच्या 7 दिवसांपर्यंतचे मेसेज पुसण्याचा पर्याय येतो. तो घाईत निवडलात तर पुरावाही जातो.
- ऑडिट लॉग: कोणत्या मॉडने काय केलं ते इथे दिसतं, पण फक्त 45 दिवस. त्यापुढचं लक्षात राहायला हवं असेल तर टीमची स्वतःची नोंदवही लागते.

6. कारवाईचा क्रम

एखादा घाणेरडा मेसेज दिसला की बोट आधी 'डिलीट'कडे जातं. क्रम असा ठेवा: आधी स्क्रीनशॉट, मग सदस्याचा आयडी, मग मेसेज काढा, मग नोंद, मग सदस्याला खासगीत दोन ओळी. सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की कोणाच्याही नावावरून आयडी कॉपी करता येतो. हा आयडी महत्त्वाचा, कारण लोक नाव आणि फोटो रोज बदलतात, आकडा बदलत नाही. 'ड्रॅगनवाला तो मुलगा, मागेही भांडला होता' अशी नोंद तीन महिन्यांनी कोणाच्याच कामाची नसते.

नोंद अशी असावी: तारीख, आयडी, कोणत्या चॅनलमध्ये, नेमके शब्द, कोणता नियम, काय कारवाई, कोणी केली. मत लिहू नका. 'उद्धट आहे' ऐवजी त्याने काय लिहिलं ते तसंच उतरवा. पुढे तो अपील करतो आणि ते वाचणारा मॉड ब्राझीलमध्ये किंवा पोलंडमध्ये असतो. त्याच्यासमोर फक्त तुमचा कागद असतो. हजारो लोकांची कम्युनिटी एकसारख्या न्यायाने चालते ती या नोंदींमुळे. मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि नवे मॉड सगळ्यात जास्त कंटाळा करतात तोही इथेच.

बॅन एकट्याने करू नका. स्पॅम आणि उघड शिवीगाळ सोडली तर टाइमआउट द्या आणि दुसऱ्या मॉडची वाट पाहा. टाइमआउट चुकला तर उठवता येतो. चुकीच्या बॅननंतर माणूस परत येतोच असं नाही.

7. स्पॉयलर: फॅन कम्युनिटीचं खरं दुखणं

बाकीचं मॉडरेशन कुठल्याही ग्रुपसारखं. पण इथे एका ओळीने कोणाचा तरी वर्षभराचा आनंद जाऊ शकतो, त्यामुळे हा भाग नीट समजून घ्या.

न्यूयॉर्कला रविवारी रात्री 9 ला मालिकेचा नवा भाग येतो, तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ असते, 6:30 किंवा 7:30. कोणी बसमध्ये, कोणी ऑफिसच्या वाटेवर. आपले लोक रात्री जेवून निवांत बघणार. मधल्या बारा-चौदा तासांत त्यांना सर्व्हर उघडता आला पाहिजे. पुस्तकांचं तर आणखी लांबतं. कोणी पहिल्या दिवशी ई-बुक घेतं, कोणी पेपरबॅक स्वस्त होण्याची वाट बघतं, कोणी हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक येईल या आशेवर असतं. स्पॉयलरची मुदत ठरवताना टीममधल्या श्रीमंत देशांतल्या मित्रांना हे कोणीतरी सांगावं लागतं. ते तुम्ही सांगा. 'एक आठवडा पुरे' असं त्यांना मनापासून वाटत असतं, कारण त्यांच्या गावात पुस्तक त्याच दिवशी मिळतं.

नियम ठरला तरी गळती कुठून होते ते पाहा. मजकूर दोन-दोन उभ्या रेघांत टाकला की डिस्कॉर्डवर तो झाकला जातो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण थ्रेडचं (चॅनलमधल्या वेगळ्या चर्चेचं) शीर्षक झाकलं जात नाही. सदस्याचं टोपणनाव झाकलं जात नाही, आणि भाग संपल्याबरोबर मेलेल्या पात्राच्या नावापुढे 'श्रद्धांजली' जोडणारे असतातच. इमोजीची प्रतिक्रिया झाकली जात नाही. लिंकसोबत येणारं छोटं चित्र झाकायचं राहून जातं. झाकलेल्या मजकुराआधी तो कोणत्या पुस्तकाचा, कितव्या प्रकरणाचा हे लिहिलं नाही, तर तो उघडावा की नाही हे वाचणाऱ्याला कळणार कसं? हे सगळं नियमात एकेक करून लिहा.

सगळ्यात अवघड आहे तो सूचक स्पॉयलर. समजा, पहिल्यांदा वाचणारी एक मुलगी लिहिते, 'मला वाटतं तो म्हातारा जादूगार मेलेला नाही.' आणि कोणीतरी खाली लिहितो, 'वाचत राहा!' पुढे डोळा मारणारा इमोजी. त्याने काहीच सांगितलं नाही, नियमाचा एकही शब्द मोडला नाही, पण सगळं सांगून झालं. तिने आता पुढची चारशे पानं उत्तर माहीत असल्यासारखी वाचायची. अशा वेळी मी तो मेसेज काढते आणि त्या सदस्याला खासगीत लिहिते: 'तुमचा हेतू चांगला होता हे कळतंय. पण पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या अंदाजाला होकार, नकार किंवा इशारा, काहीच द्यायचं नाही असं आपण ठरवलंय. तिला "असं का वाटतं?" एवढं विचारा, ती आणखी छान लिहील.' बहुतेक लोक मान्य करतात, कारण त्यांनाही पहिल्या वाचनाची ती मजा आठवत असते. पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी वेगळं चॅनल ठेवा आणि जुन्या वाचकांना तिथे फक्त प्रश्न विचारायची परवानगी द्या. मी पाहिलेल्या चॅनलांपैकी सगळ्यात जिव्हाळ्याच्या गप्पा अशाच चॅनलमध्ये होतात.

नवा भाग किंवा पुस्तक येण्याच्या दिवशी टीममधल्या एका मॉडने स्वतः तो बघायचा नाही असा प्रघात काही ठिकाणी असतो. तो मागे पडलेल्यांच्या नजरेने चॅनल बघतो. चांगली पद्धत आहे, पाळी फिरती ठेवा.

8. भाषा

सोलापूरकरांना इथे जन्मजात फायदा आहे. मराठी घरात, तेलुगू पूर्व भागात, कन्नड बाजारात, उर्दू-दखनी गल्लीत. यातलं थोडंथोडं आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं. डिस्कॉर्डचा ऑटोमॉड, म्हणजे आपोआप मेसेज अडवणारी सोय, 2022 मध्ये आला. तो तुम्ही दिलेली शब्दांची यादी पकडतो, पण ती यादी बहुधा इंग्रजीत असते. रोमन लिपीत लिहिलेली भारतीय भाषांतली शिवी त्याच्या हाताला लागत नाही, कारण प्रत्येक जण स्पेलिंग वेगळं करतो. जातीवरून मारलेला टोमणा तर परदेशी मॉडला टोमणा म्हणून ओळखूच येत नाही. अशा मेसेजचा अर्थ आणि त्याचं वजन टीमला समजावून सांगा, शब्दयादीत भर घाला. उलट बाजूही बघा. आपल्या भाषेतला साधा शब्द इंग्रजी यादीत अडकून एखाद्या पोराला विनाकारण टाइमआउट बसलेला असतो. तो सोडवून द्या.

मराठीतल्या मेसेजवर कारवाई केलीत तर नोंदीत मूळ वाक्य आणि त्याचा इंग्रजी अर्थ दोन्ही लिहा.

9. पीडीएफ, चित्रं, भांडणं

'भाग तीनची पीडीएफ आहे का कोणाकडे?' हा प्रश्न रोज येणार. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. आजच्या फँटसीतलं बहुतेक सगळं त्यात येतं. हक्कधारकांच्या तक्रारी साचल्या तर अख्खा सर्व्हर बंद होऊ शकतो. मेसेज काढा, पण विचारणाऱ्याला झिडकारू नका. बऱ्याचदा तो खिशात पैसे नसलेला विद्यार्थी असतो. वाचनालय, जुनी पुस्तकं, ई-बुकची सवलत यांची यादी करून ठेवा आणि तीच द्या.

फॅनआर्ट टाकताना कलाकाराचं नाव आवश्यक. एआयने केलेलं चित्र असेल तर तसं लिहायला लावा.

भांडणं दोन पात्रांच्या जोडीवरून होतात, मालिकेत भूमिका कोणाला दिली यावरून होतात, आणि कथेतलं राज्य सोडून आपल्याकडच्या राजकारणावर कधी घसरतात कळत नाही. गाडी घसरतेय असं दिसलं की स्लो मोड लावा, एक शांत वाक्य टाका, दहा मिनिटं थांबा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

10. धाड आणि फसवणूक

अचानक शेकडो नवी खाती आत येऊन घाण टाकायला लागली तर एकेकाला बॅन करत बसू नका. आधी दार लावा: आमंत्रण-लिंक थांबवा, पडताळणीची पातळी वाढवा, चॅनल लॉक करा, टीमला हाक मारा. सफाई नंतर.

मॉडचं खातं हे मोठं सावज असतं. 'मी चुकून तुझी तक्रार केली, डिस्कॉर्डच्या माणसाशी बोल', 'माझा गेम तपासून दे', 'फुकट नायट्रो (डिस्कॉर्डची पैसे भरून मिळणारी सेवा) घे', 'हा क्यूआर स्कॅन कर' यातलं काहीही आलं तर हात लावू नका. अनोळखी क्यूआर स्कॅन केला तर तुमचं लॉगिन थेट समोरच्याच्या हातात जातं. मित्राच्या खात्यावरून मेसेज आला तरी आधी त्याला फोन करून विचारा. पैसे गेलेच तर 1930 वर तात्काळ कळवा.

11. लहान मुलं, संकटातली माणसं, कायदा

फँटसी कम्युनिटीत शाळकरी मुलं खूप असतात. एखादा मोठा माणूस मुलांना वारंवार खासगीत बोलावत असेल, फोटो मागत असेल, तर तो वाद नाही, धोका आहे. लगेच वरिष्ठ मॉडना कळवा.

मुलांचं लैंगिक चित्रण असलेलं काही दिसलं तर सहाव्या पायरीतला क्रम विसरा. स्क्रीनशॉट नाही, डाउनलोड नाही, टीमला 'बघा' म्हणून पुढे पाठवणं नाही. असं साहित्य बाळगणं आणि पाठवणं हाच गुन्हा आहे. ॲपमधूनच तक्रार नोंदवा, मग मेसेज काढून बॅन करा, आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा पोलिसांत कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार माहिती मिळालेल्याने कळवणं बंधनकारक आहे.

रात्री कोणी 'जगायचं नाही' असं लिहिलं तर समुपदेशक बनायला जाऊ नका, पण त्याला एकटंही सोडू नका. प्रेमाने दोन वाक्यं आणि नंबर द्या: मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस 14416, मुलांसाठी 1098, जिवाला तातडीचा धोका असेल तर 112. परदेशातला असेल तर त्याच्या देशाचा नंबर टीमच्या यादीत असायला हवा. नसेल तर ती यादी करण्याचं काम अंगावर घ्या.

घरचे हमखास विचारतात, 'कोणी काही लिहिलं तर तुला पोलीस धरतील का?' मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल सांगितलं की, संगनमत किंवा समान हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. म्हणून डोळेझाक करायची असं मात्र नाही. दिसलं की काढायचं आणि नोंद ठेवायची.

12. सोलापुरात भेटायचं ठरलं तर

ऑनलाइन ओळखीतून 'एकदा भेटूया' निघतंच. भेट दिवसा, गर्दीच्या जागी ठेवा. आपल्याकडे भुईकोट किल्ल्याची बाग या मंडळींना फार शोभते, तटबंदी बघून सगळ्यांच्या कल्पना धावू लागतात. 18 खालच्यांनी घरच्या मोठ्या माणसाला सोबत आणावं, फोटो टाकण्याआधी प्रत्येकाला विचारावं, फोन नंबरांची यादी ग्रुपवर फिरवू नये. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत भेट ठेवू नका, घरोघरी पाहुणे असतात आणि कोणी येत नाही.

13. रजा आणि निरोप

आठवड्यात एक दिवस सर्व्हर उघडायचाच नाही. परीक्षा, लग्नकार्य, गड्डा, आजारपण यासाठी टीमला आधी कळवून रजा घ्या, कारण सांगायची गरज नसते. तुम्हाला शिव्या देणारे खासगी मेसेज आले तर उत्तर न देता टीमकडे द्या. ते प्रकरण दुसऱ्याने हाताळायचं.

कधीतरी कथेतलं मन उडतं किंवा नोकरी बदलते. तेव्हा गुपचूप गायब होऊ नका. अर्धवट प्रकरणांच्या नोंदी पूर्ण करा, तुमच्याकडे असलेल्या शीट आणि बॉटचा ताबा दुसऱ्याकडे द्या, पाळी कोण घेणार ते ठरू द्या, आणि मॉडचा रोल स्वतःहून काढून घ्यायला सांगा. न वापरलेलं मॉड-खातं चोरीला गेलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सदस्य म्हणून राहायला कोणाचीच हरकत नसते, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्यांच्या चॅनलमध्ये प्रश्न विचारणारी जुनी माणसं त्यांना हवीच असतात.